व्हीटी-एडीएन : एका नोंदीचे दोन पाठ

पदव्युत्तर वर्गाला बखर वाङ्मय शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हटकून उपस्थित होतो : बखर खरी की कागद खरा? काही विद्यार्थी राजवाड्यांचे नाव घेऊन कागदाच्या बाजूने उभे राहतात. ‘भाऊसाहेबांच्या बखरी’ने भारावलेले दुसरे काही म्हणतात की पानिपतची हळहळ कोणत्याही अस्सल पत्रापेक्षा बखरीतूनच अधिक कळते. आम्ही दोघेही या वादात निवाडा देण्याचे टाळत आलो आहोत. दोहोंपैकी एकाची निवड करण्याऐवजी दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर प्रत्येकाने काय गाळले आहे ते दुसऱ्याच्या प्रकाशात दिसते, एवढेच आम्ही सांगत असतो. प्रस्तुत लेखात हेच एका वेगळ्या, आणि साहित्याच्या अभ्यासकाला काहीशा अनोळखी, उदाहरणाने मांडण्याचा विचार आहे. उदाहरण एका लहानशा विमानाचे आहे. त्याची बखर आपल्या परिचयाची आहे. कागद मात्र आपण सहसा उघडत नाही.

*

बखर अशी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एक इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान उडवले. सोबत सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादला उतरून त्यांनी इंधन भरून घेतले. ते इंधन बैलगाडीतून आणले होते. दुपारी ते मुंबईच्या जुहू येथील धावपट्टीवर उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. इंपीरियल एअरवेजची लंडनहून येणारी हवाई टपालसेवा १९२९ पासून कराचीपर्यंत येत होती, पण पश्चिम आणि दक्षिण भारताला जोडणारा हवाई दुवा नव्हता. तो दुवा या दिवशी जुळला. दोराबजी टाटा यांनी मंजूर केलेले दोन लाख रुपये, दोन पस मॉथ विमाने आणि मोजके मेकॅनिक एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहिला. पहिल्या वर्षात १,६०,००० मैलांचे उड्डाण, १५५ प्रवासी, १०.७१ टन टपाल आणि ६०,००० रुपये नफा असा त्याचा हिशेब सांगितला जातो. पुढे याच रोपट्याचा ‘टाटा एअरलाइन्स’, १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ असा विस्तार झाला. १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटा समूहाकडे आली.

या कथेला बखरीची सारी लक्षणे आहेत. नायक आहे, संकल्प आहे, अपुरी साधने आहेत आणि शेवटी साधनांवर मात करणारे यश आहे. बैलगाडी आणि विमान यांची एका चौकटीतली भेट तर कोणत्याही बखरकाराला मोहात पाडील अशी आहे. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत विमाने पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरवावी लागत, हा तपशीलही महाराष्ट्रातील वाचकाला जवळचा वाटतो. यातले काहीही खोटे नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. या कथेत विमान फक्त वाहन म्हणून येते. घोड्याचे नाव बखरीत यावे तसे ‘पस मॉथ’ हे नाव येते आणि जाते. त्या नावाला १९३२ साली स्वतःचा एक इतिहास होता, आणि तो सुखद नव्हता.

*

प्रथम त्या विमानाविषयी. इंग्लंडमधील डी हॅविलंड कंपनीच्या पस मॉथचा पहिला नमुना सप्टेंबर १९२९ मध्ये उडाला आणि १९३० पासून त्याची विक्री सुरू झाली. तोवरच्या ‘मॉथ’ विमानांना दुहेरी पंख असत आणि बसण्याची जागा उघडी असे. वैमानिकाने चामडी टोपी आणि चष्मा चढवून वारा अंगावर घ्यायचा ही तेव्हाची रीत होती. पस मॉथला एकेरी पंख होते, तेही छताच्या उंचीवर बसवलेले, आणि दोन-तीन माणसांना बसता येईल अशी काचा लावलेली बंद केबिन होती. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी आणि वर ताणून बसवलेले कापड, सुमारे १२० अश्वशक्तीचे ‘जिप्सी’ इंजिन अशी एकंदर रचना होती. पंख मागे दुमडून विमान लहानशा कोठारातही ठेवता येई. चाकांच्या पायांवरचे आवरण आडवे फिरवून हवेतच वेग कमी करण्याची सोयही त्यात होती. एकंदर २८४ पस मॉथ बांधली गेली. त्यांपैकी २५ कॅनडात जुळवली गेली.

त्या काळातील बहुतेक विमानांप्रमाणे हे विमानही शेपटी टेकून उभे राहणारे होते. दोन मुख्य चाके पुढे आणि तिसरा टेकू शेपटीखाली असला की विमानाचे नाक वर राहते. जमिनीवरून जाताना समोरचे नीट दिसत नाही. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने विमान जमिनीवर जरा वळले की ते वळण आपोआप वाढत जाते. वैमानिकाच्या पायांनी ते वेळीच सावरले नाही तर विमान गर्रकन फिरून पंख घासतो. खडबडीत कुरणांवर उतरण्यासाठी मात्र ही रचना सोयीची होती. जुहू किंवा येरवड्यासारख्या मैदानांवर नेमकी तीच हवी होती. सारांश, हे विमान जमिनीवर अवखळ आणि आकाशात आरामशीर म्हणून ओळखले जाई. निदान जाहिरात तरी तशी होती.

*

आता नोंदवहीकडे वळू. विमानांची राष्ट्रीय नोंदवही हा वाङ्मयप्रकार म्हणून वाचण्यासारखा ऐवज आहे. प्रत्येक ओळीत तेच रकाने असतात : नोंदणीची अक्षरे, विमानाचा प्रकार, कारखान्याचा क्रमांक, मालक, नोंदणीची तारीख आणि शेवटी नोंद रद्द झाल्याचे कारण. विशेषण नाही, उद्गार नाही. तरीही प्रत्येक ओळीला आरंभ, मध्य आणि अंत असतो. अंताच्या रकान्यात बहुधा ‘विकले’, ‘मोडीत काढले’, ‘लष्कराने घेतले’ किंवा ‘अपघात’ यांपैकी एखादा शब्द येतो. जेआरडींच्या त्या विमानाची नोंदणीअक्षरे होती ‘व्हीटी-एडीएन’.

या ‘व्हीटी’वर थोडे थांबले पाहिजे, कारण येथे बखरीने कागदावर कुरघोडी केलेली दिसते. ही अक्षरे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ची, म्हणजे ‘व्हाइसरॉयच्या मुलखा’ची, आद्याक्षरे आहेत असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. गुलामीची ही खूण पुसावी अशी मागणी संसदेत झाली आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंतही गेली. पण कागद वेगळे सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्यातील सर्व विमानांना ‘जी’ हे अक्षर होते आणि हिंदुस्थानच्या विमानांसाठी त्यापुढे ‘आय’ लागे. १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय रेडिओ-तार परिषद भरली. तिने जगातील देशांना रेडिओ-संकेतांचे गट वाटून दिले आणि तेच पुढे विमानांच्या नोंदणीसाठी वापरले जाऊ लागले. त्या वाटपात ‘व्ही’ने सुरू होणारे गट साम्राज्यातील प्रदेशांना ओळीने मिळाले : ‘व्हीएच’ ऑस्ट्रेलियाला, ‘व्हीओ’ न्यूफाउंडलंडला, ‘व्हीपी’पासून ‘व्हीएस’पर्यंत वसाहतींना आणि त्यानंतरचा ‘व्हीटी’पासूनचा हिंदुस्थानला. ऑस्ट्रेलियात किंवा न्यूफाउंडलंडमध्ये व्हाइसरॉय नव्हता. ‘व्ही’ हे त्याच्या पदाचे आद्याक्षर असते तर ते तेथे पोहोचले नसते. ‘आय’ इटलीकडे आणि ‘बी’ चीनकडे असल्याने आज ‘इंडिया’ किंवा ‘भारत’ यांची आद्याक्षरे मिळणेही सोपे नाही.

साम्राज्याच्या वाट्यातून ही अक्षरे आली हे खरेच आहे, आणि ज्यांना ती नकोत त्यांनी त्या कारणाने नाकारावीत. पण ‘व्हाइसरॉय’ हा शब्द त्यांत आपण वाचला आहे, लिहिणाऱ्याने तो लिहिला नव्हता. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्दांच्या व्युत्पत्तीत ती आपण विद्यार्थ्यांना हसत हसत दाखवतो. इतिहासात शिरली की मात्र तिच्यावर याचिका उभ्या राहतात.

*

आता नोंदवहीचा शेवटचा रकाना पाहू. पस मॉथ बाजारात येऊन वर्षही झाले नव्हते तोच, ऑक्टोबर १९३० मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘व्हीएच-यूपीसी’ हे पस मॉथ उडत असताना आकाशातच मोडले. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ड्रेकेन्सबर्ग पर्वतरांगेत ‘झेडएस-एसीसी’ची तीच गत झाली. या दुसऱ्या विमानात ग्लेन किडस्टन होते. मोटारशर्यतींमुळे आणि विमानप्रवासांमुळे ते इंग्लंडमध्ये प्रसिद्ध होते. १९२९ साली सरे परगण्यात लुफ्थान्साचे एक प्रवासी विमान कोसळले, त्यातून वाचलेले ते एकटेच. मृत्यूच्या महिनाभर आधी त्यांनी इंग्लंड ते केपटाउन हे अंतर विक्रमी वेळात कापले होते. ते विमान वेगळे होते. मृत्यू आला तो उसन्या घेतलेल्या पस मॉथमध्ये. त्यानंतर जुलै १९३२ मध्ये खुद्द सरे परगण्यात आणखी एक पस मॉथ हवेत फुटले आणि त्यातील तिघे मृत्युमुखी पडले.

तारखा लक्षात घ्याव्यात. जुलै १९३२ आणि १५ ऑक्टोबर १९३२ यांत तीन महिन्यांचेही अंतर नाही. या अपघातांच्या बातम्या वृत्तपत्रांतून छापून येत होत्या आणि उड्डाणाच्या जगात त्या गुपित नव्हत्या. तरीही लोक पस मॉथ उडवत राहिले, आणि पराक्रमही करत राहिले. ऑगस्ट १९३२ मध्ये जिम मॉलिसन यांनी ‘जी-एबीएक्सवाय’ या पस मॉथमधून आयर्लंडहून कॅनडापर्यंत एकट्याने अटलांटिक ओलांडला. पूर्वेकडून पश्चिमेकडे एकट्याने केलेले हे पहिलेच अटलांटिक उड्डाण होते.

एकाच नोंदणीक्रमांकात दोन्ही पाठ कसे सामावतात याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘सीएफ-एपीके’ हे आहे. बर्ट हिंकलर हे ऑस्ट्रेलियन वैमानिक. त्यांनी आपले पस मॉथ कॅनडात घेतले, म्हणून त्यावर कॅनडाची ‘सीएफ’ ही अक्षरे होती. १९३१ च्या अखेरीस याच विमानाने त्यांनी दक्षिण अटलांटिक एकट्याने ओलांडला. त्यापूर्वी तसे कोणी केले नव्हते. पुढे ७ जानेवारी १९३३ रोजी ते याच विमानाने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाले आणि बेपत्ता झाले. एप्रिलच्या अखेरीस इटलीतील प्रातोमान्यो डोंगरात विमानाचे अवशेष आणि त्यांचा देह सापडला. इंग्लंडचे विमान, कॅनडाची अक्षरे, ऑस्ट्रेलियाचा माणूस आणि इटलीची माती हे सारे नोंदवहीच्या एका ओळीत मावते. त्यांच्या विक्रमाची गोष्ट आणि मृत्यूची गोष्ट बखरीत दोन वेगळी प्रकरणे होतील. नोंदवहीत ती एकाच क्रमांकापुढे राहतात.

*

आकाशात विमान मोडले की पहिला संशय माणसावर जातो. वैमानिकाने विमान फार ताणले, तो ढगात गोंधळला, हवामान वाईट होते, अशी कारणे दिली जातात. एकेक अपघात सुटा पाहिला तर हे स्पष्टीकरण पटण्यासारखेही असते. साक्षीदार बहुधा नसतोच, आणि ज्याला विचारायचे तो मेलेला असतो. पस मॉथच्या बाबतीत कोडे असे होते की उड्डाणास योग्य असल्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळालेला पंख आकाशात मात्र तुटत होता. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि इंग्लंड इथले वैमानिक वेगळे, हवा वेगळी आणि मोडण्याची तऱ्हा मात्र सारखी. एका अपघाताचा कागद काही सांगत नव्हता. अनेक अपघातांचे कागद एकत्र ठेवल्यावरच ते बोलू लागले. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक हस्तलिखिताच्या अनेक प्रती समोर मांडून त्यांत पुन्हा पुन्हा येणारी चूक शोधतो. त्यासारखेच हे काम होते.

ब्रिटनमधील सरकारी संशोधनसंस्थांनी वातबोगद्यात प्रयोग करून या पंखाचा अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की जास्त वेग आणि हवेतील जोरदार खळबळ ही दोन्ही एकत्र आली की पंखाला तोलून धरणाऱ्या तिरक्या दांड्यांपैकी पुढच्या दांड्यावर त्याला न पेलणारा ताण येऊ शकतो, आणि मग पंखच तुटतो. स्थिर हवेत, बेताच्या वेगात तोच पंख निर्धोक होता. म्हणून हजारो तासांची उड्डाणे सुखरूप झाली, आणि म्हणूनच दोष लपून राहिला. उपाय अगदी लहान होता. पुढच्या दांड्याच्या मध्यावर एक छोटा आधारदांडा जोडून तो मागच्या दांड्याच्या बुंध्याशी बांधला गेला. आज पस मॉथचे एखादे छायाचित्र हाती आले तर हा लहानसा दांडा जरूर शोधावा. ऑस्ट्रेलियात, ड्रेकेन्सबर्गमध्ये आणि सरेमध्ये गेलेल्या माणसांचे विमानाच्या अंगावर राहिलेले स्मारक हेच आहे. त्यावर कोणाचे नाव कोरलेले नाही.

*

आता बखरीकडे परत जाऊ. ऑक्टोबरच्या उन्हात कच्छच्या रणावरची तापलेली हवा उसळ्या मारते, हे त्या भागातील कोणीही सांगेल. विमानात रेडिओ नव्हता आणि वाट दाखवणारी यंत्रणा जमिनीवरही नव्हती. पस मॉथच्या पंखाला ज्या प्रकारची हवा सोसत नव्हती, तशाच हवेतून ‘व्हीटी-एडीएन’ त्या दिवशी गेले. पुढे पावसाळ्यात सह्याद्रीवरचे ढग आणि वारे यांतून हीच सेवा चालत राहिली. तिचा वक्तशीरपणा सरकारी अहवालातही वाखाणला गेला.

जेआरडींच्या मनात त्या सकाळी काय होते याविषयी कल्पना लढवण्याचा अधिकार कादंबरीकाराला आहे, आम्हांला नाही. पण एवढे म्हणता येते की ज्या विमानात धोका नव्हता असे आपण गृहीत धरतो, त्या विमानाच्या उड्डाणात धैर्य दाखवण्याची जागाही उरत नाही. अपघातांचा कागद बाजूला ठेवून आपण त्या पहिल्या उड्डाणाचा गौरव वाढवत नाही, घटवतो. आमच्या वाचनात आलेल्या मराठी लेखांत बैलगाडी हमखास येते. तो छोटा दांडा कधी येत नाही. गौरवाला बाधा येईल या संकोचापोटी चरित्रलेखनात आपण जे गाळतो, त्यातच पुष्कळदा गौरवाचे खरे कारण असते. मराठी चरित्रवाङ्मयावर हा आक्षेप नवा नाही. विमानाच्या उदाहरणात तो अधिक स्वच्छ दिसतो, कारण येथे गाळलेली गोष्ट कोणाच्या चारित्र्याशी निगडित नसून केवळ पंखाच्या बांधणीशी निगडित आहे. तीही आपण गाळतो, म्हणजे गाळण्याची ही सवय केवळ भिडेपोटी आलेली नाही.

याच कथेचा एक पाठभेदही नोंदवण्यासारखा आहे. १५ ऑक्टोबर १९६२ रोजी, तीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, आणि पुन्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी कराची-अहमदाबाद-मुंबई हे उड्डाण स्वतः पुन्हा करून दाखवले. दोन्ही वेळा विमान होते ‘लेपर्ड मॉथ’. हे पस मॉथच्या जागी त्याच कंपनीने १९३३ मध्ये आणलेले, त्याच्यासारखेच दिसणारे पण बांधणीत बरेच बदललेले विमान होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा जाऊन लाकडी आला होता, पंखांचा आकारही बदलला होता. म्हणजे स्मरणोत्सवात वाचला गेला तो मूळ पाठ नव्हता. ती त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती होती. यात गैर काही नाही. पण छायाचित्राखाली ‘तेच विमान’ असे लिहिले गेले तर अभ्यासकाने ते दुरुस्त करायला हवे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या आरोही पंडित यांनी एका हलक्या विमानातून हीच वाट पुन्हा धरली, तेव्हा आरंभस्थान भुज होते. कराचीहून निघणे आता शक्य राहिलेले नाही. विमान बदलले, आरंभस्थान बदलले, जुहू तेवढे राहिले. प्रत्येक पुनरावृत्तीत मूळ पाठ थोडा हलतो, आणि काय हलले याची नोंद ठेवणारा कोणी तरी लागतो.

वर्गातल्या त्या जुन्या प्रश्नाकडे परत येऊन थांबतो. बखर सांगते की माणसाने काय साधले. कागद सांगतो की ते साधण्यापूर्वी आणि साधत असताना कोणाचे काय गेले. विमानोड्डाणाच्या क्षेत्राने हा दुसरा कागद जपून ठेवण्याची, आणि त्यात ‘दोषी कोण’ यापेक्षा ‘कारण काय’ हे आधी विचारण्याची, शिस्त हळूहळू अंगी बाणवली. विमानप्रवास आज इतका सुरक्षित झाला आहे त्याचे एक मोठे कारण ही शिस्त आहे. साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. पुढच्या वर्षी हा प्रश्न वर्गात पुन्हा उपस्थित झाला की आम्ही फळ्यावर ‘व्हीटी-एडीएन’ ही अक्षरे लिहिणार आहोत, आणि विद्यार्थ्यांना त्या विमानाचे चित्र काढायला सांगणार आहोत, पुढच्या दांड्यासकट.